बासरीचं कांडं निवडताना

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत नाटकं, बक्षिसं, स्नेहसंमेलनं यांवर पुष्कळ जण लिहितील. मला लिहायचंय ते संगीत वर्गाच्या बांबूतोडीच्या सहलीबद्दल. बासरी निम्मी बांबूच्या बेटातच ठरते, हे तिथे आम्हाला हातात कांडं, म्हणजे दोन गाठींमधला बांबू, धरून शिकवलं गेलं.

ही सहल पौष-माघातच काढावी. पावसाळ्यात बेटात कोंब फुटतात. तेव्हा कोयता घेऊन आत शिरलं की कोवळे कोंब मोडतात. शिवाय त्या दिवसांत तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, कारण तो आतल्या पिष्टावर जगतो. सालीवर बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुगा दिसला, की ते कांडं बाद.

सिंधुदुर्गात बांबू म्हटलं की माणगा. काठीला, मांडवाला उत्तम, पण जवळजवळ भरीव. बासरीला चालत नाही. हवी ती पोकळ, पातळ सालीची जात. मोठ्या बासरीचा बांबू बहुतेक आसामकडून येतो तो याचसाठी. पांढरी तीनची (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) बासरी सुमारे 75 सें.मी. लांब, आणि तेवढं सलग कांडं आपल्याकडे सहसा सापडत नाही. आपण लहान आणि मध्यम बासऱ्यांपुरतं बघावं.

निवडीला वेळ द्या, इथे घाई करूच नये. हिरवीगार, पांढरी भुकटी धरलेली, अंगावर वेष्टनं चिकटलेली कांब, म्हणजे बांबूचा उभा दांडा, यंदाची असते. ती वाळताना आक्रसते आणि सुरकुतते. तीन वर्षांची कांब मळकट दिसते, वेष्टनं गळालेली असतात, कोयत्याच्या पाठीने ठोकलं तर टणक वाजते. बुंध्याकडची कांडी आखूड आणि जाड, शेंड्याकडची बारीक. लांब कांडं मधल्या भागात मिळतं. पांढरी एकच्या मध्यम बासरीला साधारण 47 सें.मी. लागतात, वर चार बोटं जास्त ठेवा. आतली पोकळी 18 ते 20 मि.मी., भिंत 2-3 मि.मी. कांडं डोळ्यासमोर धरून फिरवा. फांदी फुटते त्या बाजूला बऱ्याचदा लांबट खाच असते. ती खोल असेल तर पोकळी गोल राहत नाही आणि वरचे सूर दबतात.

तोड जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर घ्यावी. वर पेला उरला तर पाणी साठून बुंधा कुजतो. 2017 पासून खासगी जमिनीतला बांबू कायद्याने झाड धरला जात नाही. वनजमिनीवर मात्र परवानगीशिवाय हात लावू नये.

सगळ्यात जास्त कांडी वाया जातात ती वाळवताना. उन्हात टाकलं की बाहेरची साल आधी सुकते, आतली ओलीच राहते, आणि उभी चीर जाते. कोंकणातल्या दमट हवेत दुसरी अडचण बुरशीची. म्हणून सावलीत, वारा लागेल असं, जमिनीपासून वर उभं ठेवावं, टोकांना दोरा आवळून बांधावा, निदान काही महिने तरी हात लावू नये.

भोकं तापवलेल्या सळईने पाडतात, ड्रिलने साल फाटण्याची भीती असते. आधी लहान पाडा, मग वाजवत वाजवत वाढवा. भोक मोठं केलं की सूर चढतो, आणि चढलेला सूर उतरवायला पुन्हा मेण भरत बसावं लागतं. सूर जुळवायला सकाळ बरी. दुपारच्या उकाड्यात तीच बासरी चढी लागते.