सुझान सेझेर आणि आमची वडगावची आत्या

'द बॅलड ऑफ सुझान सेझेर' (2024) हा सिनेमा बघितल्यापासून ज्याला त्याला सांगत सुटलोय की बघाच, पण "स्टोरी काय आहे?" असं कुणी विचारलं की अडतंय, कारण तशी स्टोरी नाहीच. सुझान कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरची लेखिका, नवरा एमे सेझेर मोठा कवी. 1941 ला दोघांनी मित्रांबरोबर 'त्रोपिक' मासिक काढलं, तेव्हा बेटावर फ्रान्सच्या, हिटलरशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारची सेन्सॉरशिप, 1943 ला तर त्यावर बंदीच घातली होती. त्यात सुझानचे सात निबंध आले. 1945 ला मासिक संपलं, त्यानंतर तिचं लिखाण जवळजवळ दिसतच नाही, सहा पोरं, शिकवायची नोकरी, आणि 1966 ला गेलीच.

ह्यावर नेहमीसारखी बायोपिक सहज झाली असती. पण दिग्दर्शिका मॅडलिन हंट-एर्लिकनं काय केलंय, तर नुकतीच आई झालेली एक नटी सुझानचं काम करायला येते, तिचं लिखाण वाचते, थांबते, शूटिंगवाले फ्रेममध्ये येतात-जातात, झाडं हलत राहतात. जे कळायला मार्ग नाही ते तिनं रिकामंच ठेवलंय, आणि मला हे फार म्हणजे फार पटलं.

कारण आपल्या बेळगावच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादाचं बघा की. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात केस आहे, 865 गावांची यादी आहे, कागदाला काही तोटा नाही, पण त्या गावांत घरात माणसं कशी बोलतात ते ह्यात कुठंच नाही. आमची आत्या वडगावात मागावर बसायची, धागा तुटला की माग थांबवून दोन बोटांत थुंकी लावून गाठ मारायची, आणि तेवढ्यात शेजारच्या अक्काशी कन्नडमध्ये साडीच्या भावावरून भांडण, मला मराठीत "च्या घे रे", पुन्हा तिकडं कन्नड, श्वास न घेता. डॉक्युमेंट्रीवाला आला तर तिला पहिला प्रश्न विचारणार, तुम्ही कुठल्या बाजूच्या? मग ती पदर सावरून गप्प बसणार, आणि कॅमेऱ्यात एवढंच येणार.

म्हणून असा एक्सपेरिमेंटल सिनेमा आपल्याकडं व्हायला पाहिजे असं मनापासून वाटतं, मुलाखत नको, सबटायटल पण नको, नुसते आवाज आणि हात. वडगाव, खासबाग, शहापूरचे माग चालू आहेत तोवर निदान आवाज तरी रेकॉर्ड करून ठेवूया. कुणाकडं बरा रेकॉर्डर असेल तर कळवा, रविवारी मी मोकळा असतो.