आम्हाला तो प्रसाद का नाही?

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, दरवर्षी ऑफिसातलं कुणी ना कुणी माझ्याबरोबर वसईला येतं. परतताना प्रश्न ठरलेला: "सगळे रांगेत जाऊन ती पांढरी चकती घेत होते, मग मला का नाही? प्रसादाला कुणी नाही म्हणतं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घोटाळा आमच्या शब्दानेच केलाय. मराठीत आम्ही कॅथलिक त्याला ख्रिस्तप्रसाद म्हणतो, आणि प्रसाद म्हटला की पुढे आलेल्या प्रत्येक हातावर पडायलाच हवा. चकती म्हणाल तर गव्हाचं पीठ आणि पाणी. मीठ नाही, खमीर नाही, चव जवळजवळ नाहीच. टाळूला मात्र अशी चिकटते की लहानपणी ती जिभेने सोडवण्यातच माझी अर्धी प्रार्थना जायची. (चावायची नाही, अशी धर्मशिक्षणाच्या बाईंची ताकीद होती.) पण वेदीवर फादर येशूचे शेवटच्या भोजनातले शब्द उच्चारतात, 'हे माझे शरीर आहे', आणि तिथून पुढे आमच्या लेखी ती भाकर राहत नाही. आठवण म्हणून ठेवलेली खूणही नव्हे, तो स्वतः. देताना फादर म्हणतात, 'ख्रिस्ताचे शरीर', घेणारा म्हणतो, 'आमेन'. म्हणजे, होय, मी हे मानतो. जे तुम्ही मानत नाही ते तुमच्याकडून वदवून कशाला घ्यायचं?

आणि आम्हालाही तो सरसकट नसतो. मनावर मोठं पाप असेल तर आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली. जमिनीवरून भावाशी बोलणं तुटलं त्या वर्षी मी कित्येक रविवार बाकावरच बसून राहिलो. माझ्या गुडघ्यांना घासून माणसं पुढे जायची आणि मी मिस्साच्या पुस्तकात डोकं घालायचो. अगदी तुम्ही बसला होतात तसाच.

आजीचं वेगळं. 1964 च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे या ख्रिस्तप्रसादाच्याच सन्मानार्थ भरणाऱ्या मेळाव्यासाठी, मुंबईला आले, तेव्हा ओव्हल मैदानाच्या गर्दीत ती होती. ख्रिस्तप्रसादाआधीचा उपास त्याच्या दहा-बारा दिवस आधीच एका तासावर आला होता. तिने ते कधी मनावर घेतलं नाही. तिच्या लहानपणी मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही चालत नसे, तेच तिचं खरं.

पुढे ती अंथरुणाला खिळली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर ख्रिस्तप्रसाद घेऊन घरी यायचे. टेबलावर इस्त्रीचं पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस. आणि सकाळपासून चहा नाही. आजाऱ्याला उपासाची सक्ती नाही, हे फादरांनीही सांगून पाहिलं.

"पावणा यायचाय," ती म्हणायची, "त्याच्याआधी मी कशी खाऊ?"

शेवटच्या महिन्यात गिळवेना. फादरांनी चकतीचा मोहरीएवढा कण मोडला आणि चमचाभर पाण्यातून दिला. आजी बराच वेळ डोळे मिटून पडून राहिली. मग आईला म्हणाली, "आता टाक चहा."