पुणे ते महाबळेश्वर सायकलवर: कुठल्या टप्प्यावर काय खावं

पुण्याहून महाबळेश्वरला जाताना तीन घाट लागतात: कात्रज, खंबाटकी आणि पसरणी. शेवटचा सगळ्यात मोठा, आणि तो येतो नव्वदेक किलोमीटर पाय मारून झाल्यावर, ऐन उन्हात. म्हणून या वाटेवर समोरच्या टपरीवर काय छान मिळतंय हे बघायच्या आधी पुढच्या दहा किलोमीटरला चढ आहे की उतार ते बघा आणि मग खा. आम्ही चौघं जानेवारीअखेरीस जाऊन आलो. वृत्तांतात रस्ता कमी आणि पोटच जास्त आहे, त्याला इलाज नाही.

पहाटे पाचला स्वारगेट सोडलं. निघण्याआधी आदल्या दिवशीच्या दोन-तीन इडल्या गरम करून, सोबत चटणीऐवजी थोडा गूळ. इडलीत तेल नाही, तांदूळ भरपूर, त्यामुळे ती पोटात अडून बसत नाही. आमच्यातल्या एकाला नुसत्या चहावर निघायची सवय आहे. त्याला मी काही म्हणत नाही, फक्त कात्रज संपल्यावर त्याच्या तोंडात केळं कोंबतो. हायवेच्या नव्या बोगद्याकडे न जाता जुन्या कात्रज घाटानेच जा. पहाटे रहदारी कमी असते आणि पायही हळूहळू गरम होतात.

थोडं शास्त्र इथेच उरकतो. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर जोरात सायकल मारली तर दीड-दोन तास पुरते. ती संपली की पाय एकदम रिकामे होतात, डोकं हलकं पडतं, चिडचिड सुरू होते. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. तिथून सावरायला फार वेळ जातो, त्यामुळे पहिल्या तासापासूनच खायला लागायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा बहुतेकांना झेपणारा हिशोब. बिया काढलेले पाच-सहा साधे खजूर म्हणजे साधारण ३० ग्रॅम. मोठं केळं पंचविसेक ग्रॅमचं, वेलची केळं त्याच्या निम्म्याचं. मधुमेह असेल तर मात्र हे गणित आपल्या डॉक्टरांबरोबर बसून मांडा.

शिंदेवाडीला उतरलं की खेड शिवापूर, कापूरहोळ, किकवी असा शिरवळपर्यंत हायवे. सर्व्हिस रोड जिथे आहे तिथे तोच धरा. हा टप्पा सोपा वाटतो आणि तिथेच खाणं राहून जातं. थंडीत तहानही लागत नाही. मी घड्याळात दर अर्ध्या तासाचा गजर लावतो. वाजला की दोन खजूर आणि चार घोट पाणी, भूक असो वा नसो.

सारोळ्याजवळ नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. शिरवळला नाश्ता, आणि इथेच खरी परीक्षा. मिसळीची तर्री दरवळत असते, वडे तळले जात असतात. पण पुढे खंडाळा आणि त्यानंतर लगेच खंबाटकी. तेलकट पदार्थ पोटातून पुढे सरकायला वेळ घेतो, चढावर रक्त पायांकडे धावतं आणि तो वडा घशाशी येतो. पोहे घ्या, फरसाण आणि वरचं तेल नको म्हणून सांगा. उपमाही चालेल. साबुदाणा खिचडी हलकी समजून घेतात, पण तिच्यात दाण्याचं कूट आणि तूप चांगलंच असतं. ती मी घाटाआधी टाळतो.

शेंगदाणा चिक्कीवरून आमच्यात दर वेळी वाद होतो. मला ती आवडते, पण शेंगदाण्याचं जवळजवळ निम्मं वजन तेलाचं असतं. चिक्कीतला गूळ लगेच कामाला येतो, दाणे रेंगाळतात. शिवाय चढावर धापा टाकत असताना चावायला जीव नको होतो. चिक्की घरीच तुकडे करून न्या आणि सपाटीला किंवा उतारानंतर खा. राजगिऱ्याचा लाडू चवीला उत्तम, पण चालत्या सायकलवर भुगा होतो आणि घशात उडून ठसका लागतो. तो थांबूनच.

खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळलं की हायवे सुटतो आणि जिवात जीव येतो. हायवे नकोच असेल तर कापूरहोळहून भोर, मांढरदेवी आणि वाई असाही रस्ता आहे. तो सुंदर आहे पण चढ अंगावर येतो, आणि भोर सोडल्यावर दुकानांवर फार विसंबू नका. दोन्ही बाटल्या भोरमध्येच भरून घ्या.

वाईला कृष्णेच्या घाटावर अर्धा तास सावलीत बसलो. पसरणीची तयारी इथे करायची. एक केळं, घरून आणलेल्या उकडलेल्या बटाट्याच्या मीठ-जिरं लावलेल्या फोडी, आणि एका बाटलीत ओआरएस. बटाट्यांवर सुरुवातीला सगळे हसले. नंतर डबा माझ्या हातात परत आला तो रिकामाच. दिवसभर गोड खाऊन जीभ विटते तेव्हा खारटासाठी माणूस आसुसतो, आणि घामातून मीठ जातच असतं. ओआरएसमध्ये साखर आणि मीठ एकत्र असतात ते एवढ्यासाठीच की आतड्यात साखरेबरोबर सोडियम शोषलं जातं आणि त्यामागून पाणी. लिटरची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला. छोट्या बाटलीत सगळी ओतली तर मिश्रण घट्ट होऊन उलट मळमळतं. रसवंती दिसली तर उसाचा रस बिनबर्फाचा, अर्धाच ग्लास, आणि वर साधं पाणी.

वाई साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास. दहा-बारा किलोमीटरचा हा चढ अगदी उभा नाही, पण संपत नाही. खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागलं की फोटोच्या निमित्ताने थांबा आणि तोंडात काहीतरी टाका. मागच्या खिशात इथे फक्त मऊ वस्तू हव्यात. माझी वडी अशी: बिया काढलेला खजूर हाताने मळायचा, त्यात भाजलेले तीळ थोडे, चिमूटभर मीठ, किसलेलं आलं. बोटाएवढ्या वळकट्या करून बटर पेपरमध्ये गुंडाळायच्या. पेपर एका हाताने उलगडेल इतका सैल ठेवा. वसईची सुकेळी मिळाली तर तीही अशीच न्या. आंबापोळीच्या पट्ट्या मस्त, पण दुपारी हातमोज्यांना चिकटतात. चॉकलेटचं नावच काढू नका.

पाचगणीला दांडेघर नाक्यावर पोचलो की बंधनं सैल. पुढचे वीसेक किलोमीटर चढउताराचे आहेत, पण पसरणीसारखी सलग चढाई नाही. इथे चिक्की निघाली, एकाने वडापाव हाणला, मी दोन कप चहा. गुरेघरच्या मॅप्रो गार्डनला सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, सायकल नजरेसमोर राहील अशी जागा आधी बघा. स्ट्रॉबेरी जरूर खा, पण जिभेसाठी. तिच्यात बहुतांश पाणीच असतं, शंभर ग्रॅममध्ये जेमतेम आठ ग्रॅम कर्बोदकं. तिच्या भरवशावर वेण्णा तलावापर्यंतसुद्धा जाऊ नका.

मुक्कामी पोचल्यावर पहिल्या तासाभरात नीट जेवा: पिठलं-भाकरी, वर भात आणि ताक. दुसऱ्या दिवशी सकाळी उतरताना पाय फारसे चालत नाहीत, म्हणून खाणं निम्मं केलं तरी भागतं, पण वाऱ्याने अंग गारठतं. पोटात गरम काहीतरी घालून, छातीला वर्तमानपत्र लावून निघा, आणि वड्यांचा दुसरा डबा सुरूर फाट्यापर्यंत उघडू नका. पुण्याकडे येताना कात्रजचा चढ शेवटी असतो.