नाचणी पसंत, पण जीएसटी क्रमांक हवा : एका रुग्णालयाच्या पुरवठादार नोंदणीचा अनुभव

पालघर जिल्ह्याच्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील आदिवासी शेतकऱ्यांनी पिकवलेली नाचणी आणि वरई आता मध्य मुंबईतील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात दर महिन्याला जाते. या शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपनीचे हिशेब आणि कागदपत्रे मी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मुलुंडहून पाहते. रुग्णालयाने माल पसंत केला, दर ठरला, आणि तरीही पहिली गोणी आत जायला जवळजवळ एक हंगाम उलटून गेला. कारण होते पुरवठादार नोंदणीच्या अर्जातील एक रकाना. मला मुख्यतः त्या रकान्याविषयीच लिहायचे आहे.

एवढी खटपट कशासाठी, हे आधी थोडक्यात सांगते. नाचणीची कापणी आणि मळणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि नेमकी त्याच वेळी घरात पैशांची निकड असते, त्यामुळे गावात येणारा व्यापारी खळ्यावरून माल उचलतो आणि भाव तो सांगेल तोच ठरतो. केंद्र सरकारने 2024-25 च्या हंगामासाठी नाचणीला क्विंटलमागे 4,290 रुपये हमीभाव जाहीर केला होता, पण आमच्या बहुतेक सभासदांच्या हातात खळ्यावर तो कधी पडला नाही. याउलट रुग्णालय, वसतिगृह किंवा कारखान्याचे उपाहारगृह यांना वर्षभर ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वजनाचे धान्य लागते. नाचणी नीट वाळवली तर ती दीर्घकाळ टिकते, म्हणून डोंगरउतारावरची थोडी वरकस जमीन कसणाऱ्या कुटुंबालाही अशी बारमाही मागणी पुरवता येते. त्यासाठी माल एकत्र करणारी, त्यांच्या स्वतःच्या मालकीची संस्था असावी लागते. कंपनी कायद्यानुसार उत्पादक कंपनी काढायला दहा उत्पादक पुरेसे आहेत.

रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ बाईंना काही पटवावे लागले नाही. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते हे त्या आमच्यापेक्षा चांगले जाणत होत्या, आणि रुग्णांच्या न्याहारीत नाचणीची पेज सुरू करायची त्यांचीच इच्छा होती. नमुने, प्रयोगशाळेचा अहवाल, दरपत्रक हे सगळे सुरळीत पार पडले. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवावी : अन्नपदार्थांच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 अंकी क्रमांक छापणे 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे, त्यामुळे बिलबुक छापून घेण्याआधी तो क्रमांक हातात हवा.

त्यानंतर आम्ही लेखा विभागाकडे गेलो. पुरवठादार नोंदणीचा अर्ज संगणकावर भरायचा होता. पॅन, बँक खाते, रद्द केलेला धनादेश, परवाना हे सगळे भरून झाल्यावर जीएसटी क्रमांकाचा रकाना आला आणि तो रिकामा ठेवला की पुढचे पान उघडेना. आमच्या कंपनीकडे हा क्रमांक नव्हता आणि कायद्याने तो असण्याची गरजही नव्हती. 2017 च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 23 नुसार, जो केवळ करमुक्त मालाचाच पुरवठा करतो त्याच्यावर नोंदणीचे बंधन नाही, आणि स्वतःच्या शेतात पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच कलम नोंदणीतून वगळते. सुटे धान्य करमुक्त आहे. आधीच बांधून लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या धान्यावर 18 जुलै 2022 पासून 5 टक्के कर लागू झाला, म्हणून आम्ही मुद्दाम 30 किलोच्या गोणीतच माल देतो. हे सर्व मी खिडकीवर नीट समजावून सांगितले. उत्तर मिळाले, ‘मॅडम, सिस्टीम घेत नाही.’

त्यानंतर किती आठवडे हेच उत्तर ऐकत राहिले ते आठवले तरी आजही चीड येते. खरेदी विभाग म्हणे, हा लेखा विभागाचा प्रश्न आहे. लेखा विभाग म्हणे, संगणकप्रणाली ज्यांनी बसवली त्यांना विचारा. प्रणाली बसवणारे म्हणत, रुग्णालयाकडून लेखी मागणी आल्याशिवाय आम्ही काही बदलणार नाही. ती लेखी मागणी कोणी करायची, हे मात्र कोणीच सांगत नव्हते. इकडे जव्हारला गोण्या भरून थप्पी लावलेली होती, सभासदांना पैसे द्यायचे होते, आणि खळ्यावरचा व्यापारी पुन्हा दारात उभा होता.

या काळात भले चिंतणाऱ्यांनी दोन मार्ग सुचवले. दोन्ही आम्ही का नाकारले ते सांगणे मला आवश्यक वाटते, कारण बहुतेक गट याच टप्प्यावर थकून त्यांपैकी एक मार्ग धरतात.

पहिला मार्ग, क्रमांक घेऊन टाकण्याचा. नोंदणीला शुल्क नाही, हे खरे. पण एकदा नोंदणी झाली की विक्री शून्य असली तरी विवरणपत्रे भरावी लागतात, उशीर झाला तर दिवसाप्रमाणे विलंब शुल्क चढते, आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागाराचे पैसे वेगळे. कर शून्य असलेल्या मालासाठी हा खर्च नाचणी पिकवणाऱ्या कुटुंबांच्या भावातूनच वजा होणार होता. शिवाय आम्ही क्रमांक घेतला असता तर तो रकाना तसाच बंधनकारक राहिला असता आणि आमच्यामागून येणारा, आमच्याहून लहान गट तिथेच अडला असता.

दुसरा मार्ग, वाशीच्या एका व्यापाऱ्यामार्फत बिल करण्याचा. त्याचे नाव रुग्णालयाच्या यादीत आधीपासून होते. माल आमच्याच गाडीतून जाईल, बिल त्याच्या नावाने निघेल आणि तो आपली टक्केवारी कापून घेईल, असा त्याचा प्रस्ताव होता. आमच्या कंपनीच्या अध्यक्षाबाईंनी हे ऐकून एवढेच विचारले, ‘ताई, माल आमचा आणि बिल त्याचं, मग आम्ही कंपनी काढली कशाला?’ टक्केवारीहूनही मोठे नुकसान वेगळे होते. कोणत्याही मोठ्या संस्थेच्या निविदेत आधीच्या पुरवठ्याचा अनुभव दाखला मागतात. आम्ही वर्षानुवर्षे धान्य पुरवले असते आणि दाखला त्या व्यापाऱ्याच्या नावाने निघाला असता. कागदावर आमचा शेतकरी कुठेही उरला नसता.

शेवटी खिडकीवरचे बोलणे थांबवून आम्ही सनदी लेखापालांकडून एक पानी पत्र करून घेतले आणि ते थेट वित्तप्रमुखांच्या नावे आवक क्रमांकासह दाखल केले. त्या पत्रात तीन मुद्दे होते. कलम 23 चा पहिला मुद्दा वर आलाच आहे. दुसरा मुद्दा लेखा विभागाच्या खऱ्या भीतीचा होता, आणि ती भीती मला बऱ्याच उशिराने एका सहायकाच्या बोलण्यातून कळली. नोंदणी नसलेल्याकडून खरेदी केली तर उलट आकारणीने कर आपल्यालाच भरावा लागेल, असे त्यांना वाटत होते. 2017 साली तसा नियम आला होता, पण आता तो फक्त सरकारने अधिसूचित केलेल्या ठराविक खरेदीदारांना लागू आहे, आणि मालच करमुक्त असेल तर आकारायला कर उरतच नाही. तिसरा मुद्दा माझ्या मते सर्वांत बिनतोड होता. रुग्णसेवा जीएसटीतून मुक्त आहे आणि दाखल रुग्णांना दिला जाणारा आहार त्या सेवेचाच भाग मानला जातो. त्यामुळे या खरेदीवर रुग्णालयाला कराची वजावट, म्हणजे खरेदीत दिलेला कर स्वतःच्या देय करातून वजा करण्याची सोय, घेताच येत नाही. ज्या क्रमांकासाठी आम्हाला दारात उभे केले होते, तो मिळूनही रुग्णालयाचा एका पैशाचा फायदा नव्हता.

पत्र देताना मी वित्तप्रमुखांना एक साधा प्रश्नही विचारला : तुमच्या बागेला शेणखत देणारा आणि देवघराला फुले देणारा यांचे पैसे तुम्ही कोणत्या नोंदीवर देता? त्यांनी संगणकतज्ज्ञाला बोलावले. पुरवठादाराच्या प्रकारात ‘अनोंदणीकृत’ असा पर्याय प्रणालीत पहिल्यापासून होता, फक्त तो उघडण्याचा अधिकार वित्तप्रमुखांच्या खात्याला होता आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला तो दिसतही नव्हता. आमचा पुरवठादार क्रमांक मी तिथे बसलेली असतानाच तयार झाला. मला अतिशय हायसे वाटले. पण इतके दिवस हा प्रश्न वरपर्यंत नेण्याची कोणाला गरज वाटली नाही, याचे दुःख त्या आनंदाने कमी झाले नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की अर्ज अडला तर ज्याला अपवाद करण्याचा अधिकार आहे त्याच्या नावाने लेखी पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. लहान शेतकऱ्यांकडून खरेदी करण्याची इच्छा असलेल्या संस्थांनीही आधी आपला नोंदणी अर्ज स्वतः भरून पाहावा. हे अर्ज व्यापाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेले असतात, त्यामुळे शेतकरी व्यापाऱ्याच्या आडूनच आत येऊ शकतो. ब्राझीलमध्ये 2009 च्या कायद्याने शालेय आहारासाठीच्या केंद्रीय निधीतील किमान 30 टक्के रक्कम कौटुंबिक शेतीच्या मालावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्यासाठी नेहमीच्या निविदेऐवजी दर आधी जाहीर करून जाहीर आवाहनाने खरेदी करण्याची मुभा दिली. तिथे धोरणाबरोबर खरेदीची रीतही बदलली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या खात्यांना आणि उपक्रमांना सूक्ष्म व लघु उद्योगांकडून 25 टक्के खरेदीचे धोरण लागू आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी 4 टक्के आणि महिलांसाठी 3 टक्के वाटा आहे, निविदेच्या बयाणा रकमेतूनही सूट आहे. मुंबईत केंद्राच्या अखत्यारीतील रुग्णालये, वसतिगृहे आणि उपाहारगृहे पुष्कळ असल्याने आमचा पुढचा प्रयत्न तिथेच असणार आहे.

या सवलतींसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी लागते, आणि ती करताना फार काळजी घ्यावी. केवळ शेती हा व्यवसाय तिथे स्वीकारला जात नाही. केवळ व्यापार दाखवला तर कर्जापुरता उपयोग होतो, पण खरेदीतील सवलती आणि थकलेल्या पैशांचे संरक्षण मिळत नाही. आमची कंपनी वरई भरडते, नाचणी खडे काढून प्रतवारी करते, म्हणजे प्रक्रिया करते. नोंदणीत तीच नोंद असावी.

आणखी एक कागद ऐनवेळी मागितला गेला : माल देणाऱ्या शेतकऱ्यांचे सातबारा उतारे. आमचे अनेक सभासद वनपट्ट्यावर शेती करतात आणि त्यांच्याकडे 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेले प्रमाणपत्र असते. ते सातबाराइतकेच सबळ आहे, असे पत्रात लिहून द्यावे. विवाहित जोडप्याच्या बाबतीत हे हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे देण्याची कायद्यात तरतूद आहे, म्हणून सातबारावर नाव नसलेल्या कितीतरी बायकांची शेतकरी म्हणून नोंद याच कागदाने सिद्ध होते. आमच्या कंपनीत बायका बहुसंख्य आहेत, त्यामुळे हा मुद्दा मी कुठेच सोडत नाही.

पैशांविषयी पहिल्या पुरवठा आदेशाआधीच बोलून घ्यावे. लेखी करारात काहीही म्हटले असले तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत देणे 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने बंधनकारक आहे, आणि लेखी करारच नसेल तर मुदत 15 दिवसांची धरली जाते. आम्ही बोलणी करून पंधरवडा मान्य करून घेतला, कारण सभासदाला पैसे मिळायला दीड महिना लागला तर तो पुढच्या वेळी खळ्यावरच्या रोख पैशांकडे वळतो. ही मुदत मोजायला तारीख लागते. गाडीबरोबर जाणाऱ्या चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर भांडारपालांकडून वजन, धान्यातील ओलावा आणि तारीख लिहून सही-शिक्का घ्यावा. मालाबद्दल 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोहोचला तोच दिवस स्वीकाराचा मानला जातो, आणि त्यावेळी ही सही केलेली प्रतच आपल्या कामी येते.