एका कालवडीची वही

गेल्या जुलैत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, आमच्या काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) जत्रेत माझी तेरा वर्षांची लेक पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालून, चार महिन्यांच्या जर्सी कालवडीची म्होरकी हातात धरून रिंगणात उभी होती. पंचांनी तिला कालवडीची जन्मतारीख विचारली, तिच्या आईचे वेत कितवे ते विचारले, रोज खुराक किती लागतो ते विचारले, आणि या सगळ्याची उत्तरे तिने न अडखळता दिली. मग त्यांनी विचारले, की जूनमध्ये या खुराकावर किती खर्च झाला? तिथे ती थांबली, कारण जूनच्या दोन आठवड्यांच्या नोंदी वहीत करायच्या राहून गेल्या होत्या. तिने तसे सरळ सांगितले. तिला लाल फीत मिळाली, म्हणजे इथल्या पद्धतीप्रमाणे दुसऱ्या प्रतीची. पहिल्या प्रतीची फीत निळी असते. विस्कॉन्सिनमध्ये मुलांच्या गटात बहुधा प्रत्येकाला ठरलेल्या कसोटीवर जोखतात, त्यामुळे निळी फीत एकालाच मिळते असे नाही आणि शेजारच्या मुलाची कालवड अधिक देखणी असल्याने आपली फीत जातेच असेही नाही.

विस्कॉन्सिनच्या गाड्यांच्या नंबरपाटीवर ‘अमेरिकेची दूधभूमी’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात आणि राज्यात साडेबारा लाखांच्या आसपास दुभत्या गाई आहेत. पण २००४ च्या सुमारास या राज्यात दुधाचे १५,००० हून अधिक गोठे होते, ते आता ६,००० च्या खाली आले आहेत. गाई जवळपास तेवढ्याच राहिल्या, त्या मोठ्या गोठ्यांत एकवटल्या, आणि त्यामुळे लहानपणी गोठ्यात वावरलेली मुले या दूधभूमीतही थोडी उरली आहेत. आम्ही स्वतः शहरातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझे माहेर संगमनेर तालुक्यातले, दारात आजही दोन एचएफ (होल्स्टीन) गाई आहेत. पण माझ्या लेकीने गाईच्या कासेला हात लावला तो इथे, एका शेतकऱ्याने तिला हंगामापुरती सांभाळायला दिलेल्या कालवडीमुळे. कालवड मालकाचीच राहते, ती त्याच्याच गोठ्यात बांधलेली असते, आणि मुलाने आठवड्यातून ठरलेले दिवस तिथे जाऊन तिचे सगळे करायचे असते.

ही व्यवस्था फोर-एच नावाच्या संघटनेची आहे. डोके, हृदय, हात आणि आरोग्य यांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे घेऊन ते नाव झाले, आणि चार दलांचे हिरवे पान ही तिची खूण आहे. १९०२ मध्ये ओहायो राज्यातल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळाप्रमुखाने मुलांचा एक मंडळवजा गट सुरू केला, तिथून तिची सुरुवात मानतात. त्या काळात कृषी महाविद्यालयांतले संशोधन मोठी माणसे सहजासहजी शेतात आणत नसत. मुलांना मात्र थोडे बियाणे आणि जमिनीचा लहानसा तुकडा दिला तर ती नवे करून बघत, आणि मुलाच्या तुकड्यातला मका बापाच्या मक्यापेक्षा जोमाने वाढलेला दिसला की बापही पुढच्या वर्षी तेच बियाणे मागे. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने प्रत्येक राज्याच्या कृषी विद्यापीठाला गावोगावी विस्तारकार्य करण्यासाठी पैसा मिळू लागला आणि ही मंडळे त्या कार्याचा भाग झाली. म्हणजे मुलांना शेती शिकवणे हा इथे आरंभी मुलांपुरता विचार नव्हता, मुलांच्या हातून गाव बदलण्याचा तो मार्ग होता.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती वही. कालवड मिळाली त्याच दिवशी लेकीला ती वही मिळाली. तिच्यात जन्मतारीख, मापपट्टीने छातीचा घेर घेऊन काढलेले अंदाजे वजन, दूध कधी तोडले, खुराक किती, सुका चारा किती, लस कोणती आणि कधी, आणि प्रत्येक गोष्टीपुढे पैसे, असे रकाने आहेत. पहिले दोन आठवडे तिने ते उत्साहाने भरले. मग शाळेची परीक्षा आली, पाऊस आला, आणि एका संध्याकाळी कालवडीला हगवण लागली. शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. आम्ही गेलो तर कालवड मान टाकून पेंढ्यात बसली होती, डोळे खोल गेले होते. लेकीने बाटलीने तिला क्षार घातलेले कोमट पाणी पाजले, दोन तासांनी पुन्हा पाजले, आणि परतताना गाडीत ती एकदाही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपण होऊन वहीत लिहिले, की आदल्या दिवशी पाण्याची बादली धुतली नव्हती. हगवण त्यामुळेच लागली हे कोणी ठरवलेले नव्हते. तरीही ते वाक्य तिने खोडले नाही.

जत्रेत मुलांना गोठ्याच्या मांडवात पाळीपाळीने बसावे लागते, कारण दिवसभर शहरातली कुटुंबे तिथून फिरत असतात आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे मुलांचेच काम असते. त्या दुपारी मी मागे पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होते. गाय आपोआप दूध देत राहते, असा समज असलेली किती शहाणीसुरती मोठी माणसे आली! लेक प्रत्येकाला सांगत होती, की गाय व्यायल्याशिवाय दूध येत नाही, ती साधारण नऊ महिने गाभण असते आणि पुढच्या वेतापूर्वी सुमारे दोन महिने तिला भाकड ठेवून विश्रांती द्यावी लागते. एका बाईंनी मग विचारले, की वासरू गोऱ्हा निघाला तर त्याचे काय होते? मी श्वास रोखला. लेकीने सांगितले, की दुधाच्या गोठ्यातले बहुतेक गोऱ्हे मांसासाठी वाढवले जातात. तिने स्वर मऊ केला नाही की मान फिरवली नाही. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी कालवडीच्या मानेवर हात ठेवला. शेजारच्या मांडवात डुकरे आणि मेंढ्या वाढवणारी मुले होती, आणि शेवटच्या दिवशी लिलाव झाल्यावर त्यांतला एक मुलगा रिकाम्या कप्प्यापाशी उभा राहून रडत होता. त्याचे वडील जवळच होते, त्यांनी त्याला घाईने तिथून नेले नाही.

लोकांपर्यंत शेती पोचवण्याच्या इतरही वाटा इथे आहेत. जून हा दुधाचा महिना मानतात आणि त्या महिन्यात वेगवेगळ्या काउंट्यांत शेतकरी आपल्या गोठ्यावर लोकांना न्याहारीला बोलावतात. मॅडिसनमध्ये विधानभवनाच्या चौकात १९७२ पासून शेतकरी बाजार भरतो, आणि विक्रेत्याने माल स्वतः पिकवलेला असलाच पाहिजे हा त्याचा नियम आहे, त्यामुळे टोमॅटोबद्दल विचारले तर उत्तर तो पिकवणाऱ्याकडूनच मिळते. पण एक सकाळ गोठा पाहणे वेगळे आणि सहा महिने एका जनावराला बांधील राहणे वेगळे.

हे सारे पाहताना मन माहेरी जाते. आम्ही भावंडे गोठ्यातच वाढलो, तरी अभ्यास केला नाहीस तर शेण काढावे लागेल, हीच धमकी आम्हाला घरात आणि शाळेतही मिळाली. शाळेत शेतीचा धडा फळ्यावर झाला, खताच्या मात्रा पाठ झाल्या, आणि शाळेच्या कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या उसाकडे कोणी बोट दाखवले नाही. याचा मला राग आहे, कारण आपल्याकडे विचार कमी पडला असे मुळीच नाही. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली, आणि १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभारून शाळकरी मुलांकडून शेती, पशुपालन आणि सुतारकाम-लोहारकामासारखी कामे करून घेतली. कृषी विद्यापीठांचा आराखडाही आपण अमेरिकेच्या याच विद्यापीठांवरून घेतला. उत्तराखंडातल्या पंतनगरच्या कृषी विद्यापीठाच्या उभारणीत तर इलिनॉय विद्यापीठाचा थेट हात होता. विद्यापीठे आली, प्रयोगशाळा आल्या, आणि मुलाच्या हातातली वही तेवढी मागे राहिली.

ऑगस्टमध्ये एका रविवारी लेकीने व्हिडिओ कॉलवर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारले, की तुमच्या गाईंना महिन्याला पेंड किती लागते आणि तिचे पैसे किती होतात? आबा हसले नाहीत, विचारात पडले. पेंड डेअरीतूनच येते आणि तिचे पैसे दर दहा दिवसांच्या दूधबिलातून कापून घेतात, त्यामुळे हातात येतो तो उरलेला आकडा, एवढेच त्यांना माहीत होते. चाळीस वर्षे धारा काढणाऱ्या माणसाने फॅट किती लागले हे रोज ऐकले आहे. मी त्यांना सांगितले, की दुधातले फॅट मोजण्याची सोपी पद्धत १८९० मध्ये याच विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी काढली आणि तिचे पेटंट घेतले नाही. ते म्हणाले, “मापणारा भला माणूस होता म्हणायचा.” मग त्यांनी आठवीतल्या नातवाला हाक मारली.

माझ्या या भाच्याने जुन्या दोनशे पानी वहीत रेघा मारल्या आहेत. त्याच्या आत्याला, म्हणजे मला, तो दर रविवारी पानाचा फोटो पाठवतो. पहिल्या पानावर सकाळचे ११ लिटर, फॅट ३.६, एसएनएफ (म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) ८.४, आणि मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) ‘अंदाजे ४ पाट्या’ असे लिहिले होते. दुसऱ्या आठवड्यात त्याने शेजारच्या घरातून वजनकाटा आणला आणि ‘अंदाजे’ हा शब्द खोडून एका पाटीत किती किलो मुरघास मावतो ते लिहिले. गेल्या रविवारच्या पानावर पेंडीचा रकाना अजून रिकामा होता, कारण बिलाची पावती आबांच्या सदऱ्याच्या खिशात राहून धुण्यात गेली होती. त्याखाली त्याने पेन्सिलीने लिहिले आहे: डेअरीत जाऊन विचारणे.