आमची वाटचाल : आधी तपासणी, मग रिसेट

एक काउंटर, एक हीट गन आणि एक डीसी पॉवर सप्लाय एवढ्या भांडवलावर येवल्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान मांडलं. डिस्प्ले, बॅटरी, चार्जिंग जॅक ही कामं करत वर्षं गेली, त्यावर वेगळं काय लिहायचं? लिहायचंय ते ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्रीबद्दल. त्या रात्रीचा ठपका काहींच्या मनातून अजून गेलेला नाही.

तीन दिवसांवर घटस्थापना होती, पैठणीवाल्यांचा ऐन हंगाम. फोटो इन्स्टाग्रामवर, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर. त्या दिवशी आम्ही पाच फोनला डिस्प्ले टाकून दिले होते. रात्री सव्वानऊनंतर त्यातले चौघे परत आले. "तुमच्याकडून नेला तेव्हापासून इन्स्टा उघडत नाही, नुसतं गोल फिरतंय."

डिस्प्ले बदलल्यावर लोडिंग अडलं तर आम्ही आधी दोन गोष्टी बघतो. पहिली अँटेनाची केबल. वरच्या बोर्डावरून खालच्या सब-बोर्डाला जाणारी ती बारीक वायर. तिचं गोल टोक सॉकेटवर 'टक्' वाजून बसलं नाही तर नेटवर्कच्या काड्या पडतात, साधा मेसेज जातो आणि फोटो अडकतो. दुसरी तारीख. बॅटरी सोडवली की काही फोन जुन्या तारखेवर जातात, मग सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारा दाखला, फोनला वैध वाटत नाही आणि अ‍ॅप जोडणीच करत नाही. त्या चारही फोनच्या काड्या पूर्ण होत्या, तारीख बरोबर होती, यूट्यूब धडाक्यात चालू होतं.

आमचे सगळ्यात जुने ग्राहक, पैठणीच्या दुकानाचे शेठ, तिथेच उभे होते. त्यांनी स्वतःचा फोन काढला. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही बंद. "अहो, माझा फोन यांनी कधी खोललाच नाही. मग हा का बंद?" भर काउंटरवर असं बोलणारा माणूस आम्ही विसरणार नाही.

बिघाड या तिन्हींच्या मालक कंपनीकडे, फेसबुककडेच होता. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं, त्यापाठोपाठ त्यांच्या डीएनएस सर्व्हरचे, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरचे, मार्ग इंटरनेटवरून मागे घेतले गेले. अ‍ॅपला पत्ताच सापडेना. आपल्याकडे पहाटे साडेतीनच्या सुमारास सेवा परत आली.

पण याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराने त्या रात्री "डुप्लिकेट डिस्प्लेने सॉफ्टवेअर उडालं" असं सांगून ते फोन ठेवून घेतले आणि फॅक्टरी रिसेट मारले, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून ते नव्यासारखे केले. सकाळी सगळं चालू! श्रेय त्याला, बदनामी आम्हाला. एकाचे इन्स्टाचे ड्राफ्ट गेले, एकाचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपच नव्हता. दिवाळीपर्यंत आमचा गल्ला निम्म्यावर आला, दुकानाचं भाडं उसनं काढून भरलं.

तेव्हापासून तपासणीचा क्रम आम्ही मोडत नाही. एकच अ‍ॅप अडतंय की सगळीच? एकच असेल तर तेच अ‍ॅप दुसऱ्या फोनवर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर उघडायचं. आमच्या ड्रॉवरमध्ये दोन कंपन्यांची चालू सिमं कायम असतात, या धंद्यात नव्याने येणाऱ्यानेही ठेवावीत. दुसरीकडेही बंद असेल तर फोनला हात लावायचा नाही. सगळीच अ‍ॅप रखडत असतील तर आधी दिवसाचा डेटा बघायचा. दीड जीबी संपला की बऱ्याच पॅकवर स्पीड ६४ केबीपीएसवर येतो; मजकूर जातो, रील जागची हलत नाही. मग एअरप्लेन मोड वीस सेकंद, व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारी सोय) बंद, डेटा सेव्हर बंद. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' जरूर बघा. जाहिराती अडवायला कुणीतरी तिथे पत्ता टाकलेला असतो आणि तो सर्व्हर बंद पडला की सगळंच ठप्प. 'ऑटोमॅटिक' केलं की सुटतं.

स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर निदान दोन जीबी मोकळे करा. 'क्लिअर कॅशे' बिनधास्त दाबा, त्याने फक्त तात्पुरत्या फाइली जातात. 'क्लिअर डेटा' मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर बॅकअप बघितल्याशिवाय कधीच नाही, फोनमधले चॅट त्याने पुसले जातात. नेटवर्क सेटिंग रिसेट शेवटी, कारण वायफायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात.

५ मार्च २०२४ च्या रात्री फेसबुक आणि इन्स्टाग्राममधून लोक आपोआप बाहेर फेकले गेले. काउंटरवर गर्दी झाली, "हॅक झालं" म्हणून जो तो पासवर्ड बदलायला निघाला. आम्ही एकही फोन हातात घेतला नाही. दोन तास थांबा, पासवर्डला हात लावू नका, एवढंच सांगितलं. लॉगिन परत सुरू झालं, कुणाचंही काही गेलं नाही.

आता फोन देताना तो दोन्ही सिमवर इन्स्टा उघडून दाखवतो आणि बिलावर वेळ लिहितो. त्याखाली ग्राहकाची सही. पहिली सही शेठनी केली होती, ते बिल आम्ही काउंटरच्या काचेखाली ठेवलंय.