छापील चंद्र

नवीन वर्षाचं कॅलेंडर हातात पडलं की माणूस आधी काय बघतो? कोणी काही सांगो, आधी बघतो ते रविवारनं कोणकोणते सण गिळले. परवा दुपारी जेवण झाल्यावर मीही तेच करत लोळलो होतो. एक जयंती रविवारी बुडाली, नाताळ वाचला, एक पौर्णिमा शनिवारी येऊन फुकट गेली. असा जमाखर्च चालला असताना ईदच्या चौकोनाशी आलो. तिथे आकड्याच्या डोक्यावर एक बारीकशी फुली, आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘चंद्रदर्शनानुसार बदल संभवतो.’

ही ओळ मला फार आवडते. बाकीचे तीनशे चौसष्ट चौकोन छाती पुढे काढून सांगत असतात की अमुक दिवशी अमुक होणार म्हणजे होणार. एवढी एकच ओळ म्हणते, बघू या बुवा, दिसला तर.

आमच्या आजीचाही छापील गोष्टींवर असाच बेताचा विश्वास होता. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात मिनिटासकट दिलेली असायची, पण तिचं म्हणणं, “छापील चंद्रानं माझा उपास सुटत नाही.” डोळ्यांनी बघायला हवा, नाहीतर ज्यानं बघितला त्यानं येऊन सांगायला हवं. तिचे गुडघे तिला जिना चढू देत नसत. त्यामुळे बघण्याचं खातं माझ्याकडे होतं. वय आठ-नऊ. मी गच्चीवर जायचं, पूर्वेला तोंड करून उभं राहायचं आणि खालून दर पाच मिनिटांनी येणाऱ्या “दिसला का रे?” ला “नाही!” म्हणून ओरडायचं. कृष्ण चतुर्थीचा चंद्र उशिरा उठणाऱ्यांतला. त्यात पावसाळ्याचे दिवस असले की तो येऊन ढगाआड बसला आहे की अजून निघालाच नाही, हे कळायला मार्ग नसे.

चंद्र एकच, पण त्याच्याशी वागायच्या तऱ्हा किती! संकष्टीला तो दिसल्याशिवाय घास नाही. गणेश चतुर्थीला दिसला तर चोरीचा खोटा आळ. स्यमंतक मण्यापायी तो प्रत्यक्ष कृष्णालाही चुकला नाही. ईदची कोर सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला जेमतेम तासभर रेंगाळते, तीही नखाच्या कातरणासारखी. बोट दाखवूनही शेजारच्याला सापडत नाही. बुद्धपौर्णिमेला आणि गुरुनानक जयंतीला मात्र आख्खा, बिनतक्रार, शोधायची गरज नाही.

आणि ईस्टर! त्याची तारीख अशी मार्च-एप्रिलमध्ये इकडून तिकडे का पळते, हे मला फार उशिरा कळलं. इसवी सन ३२५ मध्ये निकेयाच्या धर्मसभेत ठरलं की हा सण सगळ्यांनी एकाच रविवारी करावा. (पूर्वेकडची चर्च आणि पश्चिमेकडची चर्च आजही बहुतेक वर्षी तो वेगवेगळ्या रविवारी करतात, ते सोडा.) पुढे नियम रूढ झाला तो असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा रविवार घ्यायचा. म्हणजे इथेही चंद्र आहेच. पण हा आकाशातला नव्हे, चर्चनं आधीच आकडेमोड करून मांडलेल्या कोष्टकातला. दोघांचं कधीकधी पटत नाही. २०१९ मध्ये आकाशातला चंद्र २१ मार्चला पूर्ण झाला, कोष्टकातला आदल्याच दिवशी होऊन गेला होता. त्यामुळे ती पौर्णिमा हुकली आणि ईस्टर थेट २१ एप्रिलला गेला. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, “बघ, छापील!”

चंद्राची बारा महिन्यांची फेरी ३५४ दिवसांत संपते, सूर्याला अकरा दिवस जास्त लागतात. आपण अधून मधून अधिक महिना घालून ही तूट भरतो, ज्यू लोक १९ वर्षांत सात वेळा भरतात. इस्लामी वर्ष भरतच नाही. म्हणून रमजान सरकत सरकत साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. ज्याच्या वाट्याला आज उन्हाळ्यातले लांबलचक दिवस आलेत, त्याला सोळा-सतरा वर्षांनी हिवाळ्यातले आखूड मिळतात. विषुववृत्तापलीकडच्यांचं याच्या उलट. भुकेची इतकी समान वाटणी मी दुसरीकडे पाहिली नाही.

पण मला खरी गंमत वाटते ती साक्षीदारांची. रमजान सुरू करायला, आभाळ भरलेलं असेल तर, अनेक परंपरांत एका विश्वासू माणसानं चंद्र पाहिल्याचं सांगितलं तरी चालतं. रमजान संपवायला, म्हणजे ईदच्या चंद्रासाठी, निदान दोघं लागतात. ज्यांनी हा भेद ठेवला त्यांना पोट आणि डोळे यांच्यातलं साटंलोटं चांगलं ठाऊक असणार. उपाशी माणसाला चंद्र जरा लवकरच दिसतो.

ज्यूंकडेही पूर्वी महिना असाच साक्षीवर सुरू व्हायचा. कोर पाहिलेली माणसं जेरुसलेमला येत आणि तिथे त्यांची उलटतपासणी होई. किती उंच होती? कुठल्या बाजूला झुकली होती? केवढी रुंद? जुगारी, व्याजबट्ट्यावर जगणारे आणि कबुतरं उडवून पैजा लावणारे, यांची साक्ष चालत नसे. रब्बान गमलिएल नावाच्या आचार्यांनी तर भिंतीवर चंद्राचे निरनिराळे आकार काढून ठेवले होते. साधासुधा माणूस आला की ते बोट ठेवून विचारत, असा पाहिलास की असा? महिना ठरला की डोंगरामागून डोंगरावर मशाली पेटवून गावोगाव कळवायचे. मग कोणीतरी मुद्दाम भलत्याच दिवशी मशाली पेटवू लागलं, तेव्हा ते बंद करून माणसं धाडायला लागले. हे सगळं मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, लिहिलेलं आहे.

ते वाचलं आणि मी जागच्या जागी थिजलो. कारण भलत्या दिवशी मशाल पेटवणाऱ्यांतला मी एक आहे.

श्रावणातली संकष्टी होती. तीन वेळा वर जाऊन आलो होतो. आजी जेवल्याशिवाय घरात पानं मांडली जात नसत, आणि साडेनऊ होऊन गेले होते. चौथ्या खेपेला मी जिन्याच्या वळणापर्यंतच गेलो. तिथे थोडा वेळ उभा राहिलो, मग धडधडत खाली येऊन म्हणालो, “आजी, दिसला!”

“दिसला? कसा होता रे?”

“मोठ्ठा. एकदम वाटोळा, ताटाएवढा.”

आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. “असं का,” म्हणाली. मग तिनं तांब्या उचलला, खिडकीशी जाऊन काळ्याकुट्ट आभाळाकडे तोंड करून अर्घ्य दिलं, आणि पानं घ्यायला सांगितली. मी चार घास जास्तच जेवलो.

पौर्णिमेनंतर चौथ्या दिवशी चंद्र वाटोळा नसतो, त्याची वरची कड खरवडलेली असते. जिनं जन्मभर दर महिन्याला तो बघून उपास सोडला, तिला हे सांगायला गमलिएलची भिंत लागत नव्हती.

जैनांच्या पर्युषणाच्या शेवटी ‘मिच्छामि दुक्कडम्’चे, म्हणजे क्षमा मागणारे, निरोप येतात तेव्हा मीही सगळ्यांना तेच दोन शब्द परत पाठवून मोकळा होतो. ज्यांचं कधी काही बिघडवलं नाही त्यांनाही. ज्यूंच्या योम किप्पुरला, म्हणजे त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, इतकी सूट नाही. देवाचा अपराध त्या दिवसानं फिटतो, पण माणसाचा अपराध त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय फिटत नाही. तो माणूस हयात नसेल तर? त्याचीही सोय करून ठेवली आहे. दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि त्यांच्यादेखत सांगायचं की मी याचा अपराध केला.

आजीची कबर नाही. तिच्या अस्थी केव्हाच पाण्यात गेल्या. दहा माणसांचं म्हणाल, तर इथवर वाचत आलेले तेवढे निघायला हरकत नाही.

आजी, त्या दिवशी मी चंद्र पाहिला नव्हता.